बारा महिने निर्धास्त

बेटावर कुणाला नवखा शिंपला सापडला की तो बाईंच्या दारात यायचा. मासेमार यायचे, बोटीवरचे खलाशी यायचे, सुट्टीला आलेले पाहुणेही विचारत विचारत यायचे. बाई कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायच्या, शिंपला तळहातावर उलटासुलटा करायच्या आणि उंबऱ्यात उभ्या उभ्याच त्याची कुंडली मांडायच्या. ही डावी बाजू, उजवी वाळूत राहिली असेल. ही चोच, वाढीला इथून सुरुवात झाली. हे बारीक गोल भोक एका गोगलगायीनं पाडलंय, आतलं मांस खायला. पाठीवरच्या रेघांवरून त्या वयाचा अंदाज सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "आता सापडला तिथेच नेऊन टाका. माझ्या घरात माणसं दोन आणि शिंपले सहा हजार, पाय ठेवायला जागा नाही."

शाळेत त्यांनी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. छडी कधी उगारली नाही; जीभ पुरेशी होती. बेटावरच्या निम्म्या लोकांनी त्यांच्या हाताखाली शिकून घेतलेलं, त्यामुळे त्या नुसत्या 'बाई' होत्या, पुढे नाव लावायची गरज नव्हती. त्यांचे यजमान प्रवासी बोटीच्या इंजिनांची दुरुस्ती करायचे. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. घरात मिस्त्रीही बायकोला बाईच म्हणायचे, आधी चेष्टेनं आणि मग सवयीनं. पुस्तक वाचायचा त्यांना कंटाळा, पण हातात कसब होतं. शिंपल्यांसाठी त्यांनी बत्तीस उथळ खणांचं एक कपाट बनवलं होतं आणि प्रत्येक खणात बोटभर रुंदीचे कप्पे केले होते. पंख्यासारखे शिरांचे खुबे, सुरीच्या म्यानासारखे लांबुळके, बाळाच्या नखाएवढे गुलाबी आणि नखाइतकेच पातळ, खडकाला चिकटून वेडीवाकडी वाढलेली कालवं, सगळी आपापल्या घरात.

निवृत्त झाल्यावर बाईंनी पुस्तक लिहिलं, 'आपल्या बेटाचे शिंपले'. दोन झाकणांच्या शिंपल्यांच्या चौसष्ट जाती, कुठल्या किनाऱ्यावर कुठली मिळते, कशी ओळखायची, खाण्याजोगी आहे की नाही. सातशे प्रती छापल्या. बेटावर घरटी एक गेली, उरलेल्या बोटीच्या तिकीट खिडकीवर ठेवल्या आणि पाहुण्यांबरोबर पलीकडे गेल्या. पान एकेचाळीसवर तिसऱ्या होत्या. बदामी रंगाच्या, पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेल्या, वाळूत चार बोटं खाली सापडणाऱ्या. त्या पानावर शेवटचं वाक्य असं होतं: 'पश्चिम किनाऱ्यावरच्या तिसऱ्या बारा महिने निर्धास्त खाव्यात, उकळल्यावर जिचं तोंड उघडलं ती चांगली.'

त्या वाक्यात बाईंना काही वावगं वाटलं नव्हतं. समुद्रात कधी कधी डोळ्यांना न दिसणारं विषारी शेवाळ माजतं, शिंपले पाणी गाळून जगतात त्यामुळे ते विष त्यांच्या अंगात साठतं, आणि ते शिजवून जात नाही, हे त्यांना ठाऊक होतं. वर्गात एकदा अर्धा तास त्यांनी ते शिकवलंही होतं. पण ते दुसऱ्यांच्या समुद्रातलं. आपल्या पाण्यात चाळीस वर्षांत कुणाचं पोटसुद्धा दुखलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

एका मंगळवारी आरोग्य खात्याची निरीक्षक त्यांच्याकडे आली. तीही बाईंचीच विद्यार्थिनी, तिसऱ्या बाकावर बसणारी, अक्षर चांगलं पण हात वर करायला भिणारी. नोकरी लागून तिला जेमतेम वर्ष झालं होतं.

"बाई, पाण्याचा नमुना खराब आलाय. पुढचं सांगेपर्यंत कुणी शिंपले खायचे नाहीत. किनाऱ्यावर बोर्ड लावलाय. पण तुम्ही चार लोकांना सांगितलंत तर लोक जास्त ऐकतील."

"बोर्ड पाहिला मी सकाळी," बाई म्हणाल्या. "त्यावर चित्र कशाचं आहे ते पाहिलंस?"

"वरच्या ऑफिसातून तयार आलाय तो."

"अगं, तो काळानिळा शिंपला आपल्या बेटावर औषधालासुद्धा सापडत नाही! बैलाचं चित्र काढून खाली 'मांजरापासून सावध' लिहिल्यासारखं आहे ते. बरं, नमुना कुठला घेतलात?"

"खाडीच्या तोंडाचा."

"खाडीच्या तोंडाला गावाचं सांडपाणी येतं. पश्चिमेचं पाणी घेतलंत का?"

"नाही, पण बाई, चित्र चुकलं असेल, अहवाल चुकलेला नाही."

"आधी शिंपला ओळखायला शिका, मग अहवाल लिहा," बाई हसून म्हणाल्या. त्यात वाईट हेतू नव्हता. वर्गात बोलायच्या तशा बोलल्या. पोरीचे कान लाल झाले. ती चहा न घेताच गेली.

बैल आणि मांजराचा विनोद बाईंना स्वतःलाच इतका आवडला की संध्याकाळी वाण्याच्या दुकानात त्यांनी तो पुन्हा सांगितला. दुकानात सातआठ जण होते. सगळे पोट धरून हसले. बेट लहान, दोन दिवसांत तो विनोद सगळीकडे फिरून आला.

शुक्रवारी बाईंनी दाढ काढून घेतली. रविवारी सकाळी मोठी ओहोटी होती. गालाला सूज होती तरी त्या मिस्त्रींबरोबर पश्चिम किनाऱ्यावर गेल्या. बोर्डाचे दोन खांब तेवढे उभे होते, मधली पाटी नव्हती.

"उतरवला वाटतं," मिस्त्री म्हणाले.

"डोक्यात प्रकाश पडला असेल पोरीच्या," बाई म्हणाल्या.

दोघांनी तासभर वाळू उकरली आणि बादली भरली. घरी येऊन बाईंनी तिसऱ्या चार पाण्यांनी धुतल्या, लसूण आणि मिरी घालून उकळल्या. एकूण एक तिसरीचं तोंड उघडलं. बाईंना दाढेमुळे चावता येत नव्हतं, म्हणून त्या दुधात भिजवलेला पाव घेऊन बसल्या. मिस्त्रींनी आपला वाटा संपवला आणि पातेल्याकडे पाहिलं.

"तुझ्या वाटणीच्या वाया कशाला घालवायच्या?"

"खा की. कुणी धरलंय?" बाईंनीच उठून वाढल्या. तळाचं पाणीसुद्धा त्यांनी पळीनं वाटीत काढून दिलं, कारण चव त्यातच असते.

पाऊण तासानं मिस्त्री ओठांवरून जीभ फिरवायला लागले. "बाई, तुझ्या दाढेचं इंजेक्शन मला लागलेलं दिसतंय. ओठ बधिर झालेत."

बाई हसल्या. हसता हसताच थांबल्या. वर्गातला तो अर्धा तास त्यांना अक्षर न अक्षर आठवला. आधी ओठ, मग जीभ, मग बोटांची टोकं.

"बोटांना मुंग्या येतायत का हो?"

"येतायत. तुला कसं कळलं?"

त्यांनी मिठाचं पाणी पाजलं, घशात बोटं घालून उलटी काढायला लावली. शेजाऱ्याला आरोग्य केंद्रात पळवलं. रविवार असल्यामुळे डॉक्टर पलीकडे गेले होते. केंद्रात फक्त परिचारिका होती. ती श्वास द्यायची रबरी पिशवी घेऊन धावत आली तोवर मिस्त्रींना उठून उभं राहता येत नव्हतं. रविवारी बोट बंद असते, पण मिस्त्रींचं नाव ऐकल्यावर तांडेलानं जेवणावरून उठून ती सुरू केली. चार जणांनी त्यांना खुर्चीसकट उचलून बोटीवर चढवलं.

पलीकडे जायला सव्वा तास लागतो. पंधराव्या मिनिटाला मिस्त्रींची छाती हलायची थांबली. परिचारिकेनं तोंडावर मुखवटा दाबून पिशवी दाबायला सुरुवात केली. बोट हलत होती, मुखवटा सरकत होता, ती पुन्हा बसवत होती. अर्ध्या तासानं तिचे हात भरून आले.

"बाई, तुम्ही दाबा. मी मुखवटा धरते. मोजून दाबा, घाई करू नका. आणि त्यांच्याशी बोला. शुद्ध गेलेली नाही त्यांची, अंग तेवढं हलत नाहीये. त्यांना ऐकू येतंय."

बाईंनी पिशवी हातात घेतली. मिस्त्रींचे डोळे अर्धवट उघडे होते. बाईंना बोलायचं होतं. माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. पण तोंड उघडलं की मोजणं चुकायचं आणि मोजणं चुकलं की छाती वर यायची नाही. शिवाय आत्ता माफी मागितली तर त्यांना कळेल, की ही निरोप घेतेय. म्हणून त्या मोठ्यानं मोजत राहिल्या. एक, दोन, तीन, चार, पाच, दाब. एक, दोन, तीन, चार, पाच, दाब. मिस्त्रींनी त्यांचं ऐकलेलं शेवटचं बोलणं ते. धक्का दिसायला लागला तेव्हा परिचारिकेनं मानेवर बोटं ठेवली, बराच वेळ ठेवली, आणि मग बाईंच्या हातातून पिशवी काढून घेतली. बाई तरी मोजतच होत्या.

लेक पलीकडच्या शहरात राहायची. ती धक्क्यावरच भेटली. पुढचं सगळं तिनंच केलं आणि मग आठ दिवस बेटावर येऊन राहिली. स्वयंपाक केला, येणाऱ्याजाणाऱ्यांना पाणी दिलं, आईचे केससुद्धा विंचरले. शेवटच्या दिवशी कपड्यांच्या घड्या घालता घालता तिनं विचारलं,

"आई, निरीक्षक घरी येऊन सांगून गेली होती, असं वाणी म्हणत होता. खरं आहे का?"

"हो."

"बाबांना माहीत होतं?"

"ते बाहेर होते. मी त्यांना गंमत म्हणून सांगितलं. तेही हसले."

लेक घडी घालत राहिली. "त्यांनी तुझ्यावर कधी शंकाच घेतली नाही गं," एवढंच म्हणाली. आवाज चढवला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. संध्याकाळच्या बोटीनं ती गेली. जाताना बापाची हत्यारांची पेटी घेऊन गेली. पोचल्याचा फोन आला, पुढच्या आठवड्यात एक आला, आणि नंतर बाईंनी केला तरच ती बोलायची. कामात आहे म्हणायची.

तेराचौदा दिवस बाई घरातच होत्या. एका सकाळी त्यांनी पुस्तक उघडलं, पान एकेचाळीस काढलं आणि पिशवीत काळ्या शाईचं पेन टाकून बाहेर पडल्या. बेटावर जेवढ्या प्रती होत्या तेवढ्यांतलं ते वाक्य खोडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

शाळेच्या वाचनालयात नऊ प्रती होत्या. वाण्याकडे दोन, तिकीट खिडकीवर अजून न खपलेल्या चाळीस. मग घरं. बाई दार वाजवायच्या, पुस्तक मागायच्या, ओट्यावर बसून ते वाक्य दिसेनासं होईपर्यंत काळं करायच्या आणि शेजारी लिहायच्या, 'हे चूक आहे. खात्यानं मनाई केली असेल तेव्हा एकही शिंपला खाऊ नये. शिजवल्यानं विष जात नाही.' खाली सही करायच्या. लोक चांगले होते. कुणी चहा पुढे करायचं, कुणी हात धरून म्हणायचं, "बाई, तुमचा काय दोष? समुद्राच्या मनात काय असतं ते कुणाला कळलंय?" बाईंना ते बोलणं सोसायचं नाही. समुद्राच्या मनातलं बोर्डावर छापून किनाऱ्यावर लागलं होतं, त्यांच्या दारातही आलं होतं, आणि त्यांनी फक्त चित्र तपासलं होतं.

सुताराच्या घरी त्याच्या बायकोनं पुस्तक आणून दिलं, तेव्हा पान एकेचाळीसवर तेलाचा डाग होता. बाई खोडायला लागल्या, तशी ती चुळबुळत म्हणाली, "बाई, सांगू नको असं हे म्हणत होते. पण त्या रविवारी आम्हीही खाल्ल्या होत्या. मी आणि सासूबाई. थोड्याच होत्या म्हणून बचावलो. दोन दिवस तोंड बधिर होतं, सासूबाईंना चमचा धरता येत नव्हता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला आणखी वाईट वाटेल म्हणून."

"आणि खाल्ल्यात कशा? बोर्ड—"

"बोर्ड नव्हता ना. आणि तुम्हीच म्हणाला होतात, ते बैलाचं..." ती मध्येच थांबली.

बाई तिथून उठल्या त्या थेट आरोग्य केंद्रात गेल्या. मागच्या खोलीत निरीक्षक काचेच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. बाईंना पाहून उभी राहिली, वर्गात राहायची तशी.

"बोर्ड कोणी काढला होता?" बाईंनी विचारलं.

"मी."

"वरून सांगितलं होतं?"

"नाही. शनिवारी वाण्याकडे गेले तर सगळे मला बघून 'म्याव' करायला लागले. मला वाटलं, बाई म्हणतात म्हणजे चित्र खरंच लाजिरवाणं आहे. बरोबर चित्र रंगवून सोमवारी परत लावू म्हणून घरी नेला." तिचा आवाज एकसारखा होता, कुणाला तरी आधी पुष्कळदा सांगून झाल्यासारखा. "तुमच्याच पुस्तकातून तिसरीचं चित्र काढत होते मी, बाई. रविवारी दुपारी. रेघा नीट जमत नव्हत्या म्हणून दोनदा खोडलं. तेव्हाच बोटीचा भोंगा ऐकला."

बाईंना बसावंसं वाटलं, पण खोलीत एकच खुर्ची होती आणि ती तिच्या मागे होती. दोघी उभ्याच राहिल्या. बाहेर कुणीतरी नंबर पुकारला. बाईंनी पिशवीतलं पुस्तक काढलं, पुन्हा आत ठेवलं, आणि निघाल्या.

मनाई उठली नव्हती. नवा बोर्ड लागला होता, त्यावर बरोबर रेघांची तिसरी होती. एका सकाळी बाईंना पश्चिम किनाऱ्यावर एक पाहुणं जोडपं दिसलं. पुरुष गुडघ्यांवर बसून वाळू उकरत होता, त्याच्या बायकोजवळ बादली होती आणि बादलीच्या काठावर पुस्तक उघडं ठेवलेलं.

"इथे खायला मनाई आहे," बाई म्हणाल्या. "बोर्ड बघितला नाहीत?"

"खात्याचे बोर्ड काय, वर्षभर असतात," पुरुष हसून म्हणाला. "आमच्याकडे इथल्याच बाईंचं पुस्तक आहे. हे बघा ना, बारा महिने निर्धास्त."

"ते चूक आहे."

"अहो, त्यांनी चाळीस वर्षं अभ्यास केलाय या किनाऱ्याचा."

"मीच लिहिलंय ते."

पुरुषानं पुस्तक उलटून मागचा फोटो पाहिला. त्यातल्या बाई भरल्या अंगाच्या होत्या आणि हातात शिंपला धरून हसत होत्या. त्यानं समोरच्या विस्कटलेल्या म्हातारीकडे पाहिलं आणि बायकोला डोळ्यानं खुणावलं, जाऊ दे, काहीतरीच आहे. "बरं, आजी," तो समजुतीच्या सुरात म्हणाला आणि पुन्हा उकरायला लागला.

बाईंनी बादली उचलली आणि जोर काढून लाटेत फेकली. बायको किंचाळली, पुरुषानं बाईंचा दंड धरून त्यांना हिसडा दिला. त्या वाळूत बसल्या. तो बरंच काही बोलला. मग दोघं बादली शोधून, ओली चप्पल झटकत निघून गेली. पुस्तक बरोबर घेऊन गेली. बाईंनी मागून हाक मारली, निदान तेवढं वाक्य खोडू द्या म्हणाल्या, पण कुणी वळून पाहिलं नाही. तेव्हा त्यांना उमगलं, की पलीकडे गेलेल्या त्या चारसाडेचारशे प्रती अशाच कुणाच्या ना कुणाच्या कपाटात आहेत, आणि त्यांच्यापर्यंत आपला हात कधीच पोचणार नाही. त्या दिवशी त्यांनी पेन उचललं नाही. नंतरही नाही.

पाचव्या आठवड्यात पाणी स्वच्छ झाल्याचं कळलं आणि बोर्ड निघाला. त्याच सुमारास निरीक्षक पोरीनं बदली मागून घेतल्याचं बाईंच्या कानावर आलं. ती जायच्या दिवशी, सकाळच्या बोटीच्या वेळी, बाई धक्क्यावर गेल्या. पोरगी एका कडेला दोन बॅगा घेऊन उभी होती. पोचवायला आई आली होती. बाईंना पाहून ती तिकिटाच्या निमित्तानं बाजूला झाली.

"तुझा काही दोष नाही," बाई म्हणाल्या. म्हणता म्हणताच त्यांना ऐकू आलं, की गेले कित्येक दिवस लोक आपल्याला जे म्हणतायत तेच, त्याच सुरात, आपण म्हणतोय. तरी त्या बोलत राहिल्या. "तू वेळेवर सांगितलं होतंस. तुझं काम तू चोख केलं होतंस."

"बोर्ड मी काढला, बाई."

"मी हसले म्हणून काढलास."

"बाकीचेही हसले. त्यांच्यासाठी नसता काढला." तिनं बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला. "मला रोज वाटतं, मी तुमच्या दारात उभी राहून भांडायला हवं होतं. तुम्ही ओरडला असता, तरी भांडायला हवं होतं. पण तुमच्यासमोर मला अजून भांडता येत नाही."

बोटीवरून शिडी लावली गेली. माणसं पुढे सरकायला लागली. बाईंनी तिचं मनगट धरलं. जे त्या दिवशी बोटीवर मोजण्याच्या नादात राहून गेलं होतं, ते त्यांच्या तोंडून इथे, गर्दीत, भलत्याच माणसासमोर निघालं.

"माझं चुकलं."

पोरीनं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता आणि माफीही नव्हती.

"हो, बाई," ती म्हणाली. मनगट हळूच सोडवून घेतलं, दोन्ही बॅगा उचलल्या आणि शिडी चढून आत गेली.

बोट सुटली. पोरीची आई डोळे पुसत बाईंच्या शेजारून गेली, पण थांबली नाही. तिकीट खिडकीवरच्या माणसानं नेहमीप्रमाणे विचारलं, "बाई, बसता का घटकाभर? ऊन लागतंय." बाईंनी मान हलवली. घरी जायला हवं होतं. घरी काही काम होतं असं नाही. रस्त्यात दोनतीन बायका बादल्या घेऊन पश्चिम किनाऱ्याकडे निघालेल्या दिसल्या; बाईंना बघून त्यांनी बादल्या पदराआड घेतल्या. बाई बाजूला सरून भिंतीला टेकल्या, त्यांना वाट दिली, आणि त्या दिसेनाशा होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.